जुन्या फोटोतली घरची गाडी नेमकी कोणती? ओळख पटवण्याची पद्धत, पायरीपायरीने

घरच्या अल्बममधल्या मोटारीची ओळख चुकते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. आधी नाव ठरतं आणि मग फोटोत त्याचे पुरावे शोधले जातात. "आजोबांची अँबॅसिडर" हे शब्द घरात इतकी वर्षं ऐकलेले असतात, की समोर तिच्याआधीची, तिच्यासारखीच दिसणारी लँडमास्टर उभी असली तरी डोळा तिला अँबॅसिडरच म्हणतो. उलट दिशेने जायला हवं. जे भाग गाडीच्या आयुष्यात सहसा बदलले जात नाहीत ते आधी पाहायचे, म्हणजे पत्र्याचा आकार, दारं, काचा. जे सहज बदलतात ते शेवटी, म्हणजे पुढची जाळी, बॅज, व्हील कॅप, रंग. नाव सगळ्यांत शेवटी.

खालचा क्रम मुंबई, पुणे आणि महाराष्ट्रातल्या इतर गावांत साधारण १९४० ते १९८० या काळात काढलेल्या फोटोंसाठी आहे. क्रम मोडू नका. मधली एखादी पायरी गाळली की पुढचे निष्कर्ष घसरतात.

## तयारी: फोटो हातात घेण्याआधी

१. अल्बमचं अख्खं पान टिपून घ्या. फोटो उपटायच्या आधी पानाचा फोटो काढा. शेजारच्या फोटोंतले कपडे, मुलांची वयं, त्याच गाडीचा दुसरा कोन हे सगळं पुढे लागतं. काळ्या पानांवर खळीने चिकटवलेला फोटो ओढून काढू नका, मागचा शिक्का पानालाच चिकटून राहतो. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा.

२. स्कॅन करा, मोबाइलवर भागवू नका. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला ६०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) पुरतं. सहा सेंटिमीटरच्या चौकोनी छोट्या प्रिंटला मात्र १२०० लावा, कारण त्यात दाराची मूठ म्हणजे जेमतेम ठिपका असतो. स्कॅन रंगीत करा, फोटो कृष्णधवल असला तरीही. डाग आणि पिवळेपणा फोटोच्या मूळ छटांपासून वेगळा ओळखता येतो तो त्यामुळेच.

३. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतला आकडा, अर्धवट पुसलेलं नाव, काहीही सोडू नका.

४. मूळ स्कॅन वेगळी ठेवा. उजेड-अंधार कमी-जास्त करायचा तो प्रतीवर. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर बारकावे वाटेतच जातात.

> सावधान: फोटो "स्पष्ट" करून देणारी ॲप या कामात वापरू नका. ती न दिसणारी जाळी आणि न वाचता येणारा नंबर स्वतः रचून भरतात. चित्र सुंदर दिसतं, पण पुरावा उरत नाही. रंग भरणाऱ्या ॲपचंही तेच.

## टप्पा १: फोटो सुलटा आहे का?

निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेल्या प्रिंट जुन्या अल्बममध्ये आढळतात. आपल्याकडच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे. ते डावीकडे दिसलं तर लगेच "परदेशी गाडी" असा निष्कर्ष काढू नका. आधी माणसांकडे पाहा. शर्टाचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला असतो. पुरुषांच्या शर्टाची बटणं उजव्या पट्टीवर असतात. मराठी पद्धतीच्या साडीचा पदर डाव्या खांद्यावरून जातो. गुजराती पद्धतीने नेसलेल्या साडीत तो उजव्या खांद्यावर येतो, म्हणून पदर ही एकटी खूण पुरत नाही. दुकानाची पाटी किंवा नंबर प्लेट दिसत असेल तर प्रश्नच मिटला.

तपासा: किमान दोन खुणा जुळल्या का? मगच पुढे चला.

## टप्पा २: गाडी बाजूला ठेवा, काळाची चौकट आखा

इथे घाई फार होते. गाडीचं मॉडेल सापडलं, की त्याचंच वर्ष फोटोखाली लिहून लोक मोकळे होतात. मॉडेल सांगतं ते एवढंच, की फोटो त्याआधीचा नाही. आपल्याकडे गाड्या वीस-वीस, तीस-तीस वर्षं चालल्या. १९५५ ची गाडी १९७५ च्या लग्नात दिमाखात उभी असू शकते.

काळ ठरवायला गाडीखेरीज बाकीचं सगळं वापरा.

- शिक्क्यातला पत्ता. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. शिक्क्यात सहा आकडी पिन असेल तर शिक्का त्यानंतरचा. "मुंबई-२८" असा जुना विभाग क्रमांक असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण ती सवय पुढेही बरीच वर्षं टिकली.
- प्रिंटचा आकार आणि कड. नक्षीदार कातरलेली कड बहुधा १९४०-६० च्या आसपासची. सहा सेंटिमीटरची चौकोनी प्रिंट म्हणजे १२० फिल्मवर चालणारा बॉक्स कॅमेरा किंवा अगफा क्लिक थ्रीसारखा साधा कॅमेरा.
- मुलांची वयं. हा सगळ्यांत भक्कम पुरावा. फोटोतल्या लहान मुलाचं जन्मवर्ष घरात ठाऊक असतंच. कडेवरचं मूल आणि हात धरून उभं असलेलं मूल यांत दोनेक वर्षांचा फरक धरा.

शेवटी एक आधीची मर्यादा आणि एक नंतरची मर्यादा कागदावर लिहा: "१९५८ च्या आधी नाही, १९६४ च्या नंतर नाही." चौकट ढोबळ असली तरी चालेल, पण ती गाडीचं नाव उच्चारण्याआधी लिहिलेली हवी.

> सावधान: प्रिंट म्हणजे मूळ फोटो नव्हे. जुन्या फोटोची १९८० नंतर स्टुडिओतून कॉपी करून घेण्याची पद्धत होती. कागद नवा आणि कपडे जुने असतील तर कपड्यांवर विश्वास ठेवा.

## टप्पा ३: गाडी किती मोठी आहे?

गाडी बाजूने, जवळजवळ सरळ दिसत असेल तर एक साधं माप घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. त्याला टायरसकट चाकाच्या व्यासाने भागा. पट्टीने मोजलेत तरी चालेल.

- पावणेतीनच्या आसपास: जीप. तिच्या दोन आसांमधलं अंतर ८० इंच.
- पावणेचारच्या आसपास: अँबॅसिडर (९७ इंच), फियाट ११०० (सुमारे ९२ इंच) आणि त्यांच्या वर्गातल्या गाड्या. फियाटचं चाक लहान, त्यामुळे गुणोत्तरात दोघी जवळजवळ सारख्याच येतात. त्यांना या मापाने वेगळं करायला जाऊ नका.
- चारच्या पुढे: मोठी अमेरिकन गाडी. १९४६-४८ च्या शेवरोलेचं हे अंतर ११६ इंच होतं.

फोटो तिरका असेल तर ही पायरी सोडा. तिरक्या फोटोत अंतर आकसतं आणि मोठी गाडी मधल्या वर्गात जाऊन बसते.

## टप्पा ४: दारं आणि मुठी

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या, कारण दाराची बिजागरी कोणी हौसेने बदलत नाही. आधी दारं किती ते मोजा. मग प्रत्येक दाराची मूठ कुठल्या टोकाला आहे ते पाहा. मूठ बिजागरीच्या विरुद्ध टोकाला असते. म्हणजे दार बंद असलं तरी ते कसं उघडत असेल ते कळतं.

पुढच्या दाराची मूठ पुढच्या टोकाला आणि मागच्या दाराची मूठ मागच्या टोकाला, म्हणजे दोन्ही मुठी एकमेकींपासून लांब असतील, तर दोन्ही दारं मधल्या खांबावर टांगलेली आहेत. गोलसर, चार दारांच्या लहान गाडीवर ही मांडणी दिसली, की जिला लोक डुक्कर फियाट म्हणत ती १९५० च्या दशकातली फियाट ११०० समोर असण्याची शक्यता फार मोठी. १९६४ मध्ये आलेल्या फियाट ११०० डिलाइटचं, म्हणजेच पुढे पद्मिनी झालेल्या गाडीचं, पुढचं दार नेहमीच्या पद्धतीने उघडतं.

दोनच दारं असतील तर मॉरिस मायनर, सुरुवातीची स्टँडर्ड हेरल्ड, फोक्सवॅगन बीटल आणि अगदीच छोटी असेल तर फियाट ५०० हे पर्याय पुढे येतात. चार दारांची हेरल्ड मात्र ब्रिटनमध्ये कधी विकली गेली नाही, ती भारतात नंतर आली. त्यामुळे ब्रिटिश माहितीवर विसंबून "चार दारं आहेत, म्हणजे हेरल्ड नाही" असं ठरवू नका.

तपासा: मूठ दिसते आहे की चमकणारी पट्टी? क्रोमची पट्टी दाराच्या दोन्ही टोकांना सलग जाते. मुठीखाली सावली पडते.

## टप्पा ५: पुढची काच

मधोमध उभी पट्टी असलेली, दोन भागांची काच १९४० च्या दशकात आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बऱ्याच गाड्यांना होती. त्यानंतर एकसंध वक्र काच आली. मॉरिस मायनरला एकसंध काच १९५६ मध्ये मिळाली. बीटलच्या बाबतीत मागची काच पाहा: १९५३ पर्यंत दुभागलेली, त्यानंतर १९५७ पर्यंत लंबगोल, मग मोठी आयताकृती.

काच आणि जाळी एकत्र का पाहायची, याचं उत्तम उदाहरण शेवरोलेचं आहे. १९५२ च्या मॉडेलच्या जाळीत पाच उभे दात, १९५३ ला तीन, १९५४ ला पुन्हा पाच. फक्त दात मोजले तर दोन वर्षांचा घोळ होतो. पण १९५२ ची काच दुभागलेली आणि १९५३ पासूनची एकसंध. काच आधी पाहिली तर गोंधळाला जागाच उरत नाही.

## टप्पा ६: आता पुढचा भाग

जाळी, दिवे, बॉनेट. लोक सुरुवात इथून करतात आणि फसतात, कारण हाच भाग ठोकरला जातो आणि मिळेल त्या सामानाने दुरुस्त होतो. मार्क टूला मार्क थ्रीची जाळी बसवलेल्या अँबॅसिडर रस्त्यावर सर्रास असत. तरीही वरच्या पायऱ्यांनी वर्तुळ आवळलं असेल तर पुढचा भाग खूप काही सांगतो.

लँडमास्टर की अँबॅसिडर? लँडमास्टरचं बॉनेट गुळगुळीत. अँबॅसिडरच्या बॉनेटवर लांबीच्या दिशेने वळ्या उठलेल्या असतात आणि मागच्या मडगार्डना किंचित पंखांसारखी टोकं असतात. बॉनेट दिसत नसेल तर मागचा कोपरा पाहा.

अँबॅसिडर कोणती? १९६३ ची मार्क टू बारीक चौकटींच्या जाळीची. १९७५ ची मार्क थ्री आडव्या पट्ट्यांची. जाळीवरून काढलेलं वर्ष नेहमी "बहुधा" म्हणूनच लिहा.

फियाट कोणती? गोल अंगाची जुनी आणि सरळ रेषांची, मागे छोटे पंख असलेली १९६४ नंतरची, हा फरक लांबूनही कळतो. मधल्या काळात एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं बदलत गेली. बॅज वाचता येत नसेल तर यांतलं नेमकं नाव लिहायचा हट्ट धरू नका. डिलाइट, प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ नंतरची पद्मिनी यांचा सांगाडा एकच. तिथेही बॅज किंवा कागदपत्र हवंच.

जीप कोणती? जाळीच्या फटी मोजा. नऊ असतील तर युद्धकाळातली लष्करी जीप, सात असतील तर नागरी. लष्करी जीपचे दिवे लहान आणि आत बसवलेले, स्टेपनी मागे. बॉनेट पेटीसारखं उंच असेल तर सीजे-३बी. महिंद्राने बनवलेली आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं दिसलेली जीप ती हीच.

डॉज, डिसोटो की प्लिमथ? १९५० च्या आसपासच्या डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या गाड्या मुळात प्लिमथच्याच अंगावर घडवलेल्या होत्या. मुंबईत प्रीमियर कंपनीने या तिन्ही नावांच्या गाड्या जुळवल्या. आकारावरून तिघींत निवड होत नाही. जाळीचे तपशील आणि बॅज स्पष्ट नसतील तर तिन्ही नावं लिहा.

> सावधान: गुगल लेन्स तुम्हाला अँबॅसिडरच्या जागी ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड आणि पद्मिनीच्या जागी इटालियन फियाट दाखवेल. कुळ बरोबर असतं, पण आपल्याकडे ती गाडी कोणत्या नावाने आणि कोणत्या वर्षी विकली गेली ते वेगळं. लेन्सचं उत्तर हा शोधाचा धागा समजा.

## टप्पा ७: नंबर प्लेट

मुंबईच्या जुन्या गाड्यांवर बीएमने सुरू होणारी तीन अक्षरं दिसतात. महाराष्ट्र राज्य झाल्यावर एमने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी मालिका आल्या. एमएच आणि दोन आकडे ही पद्धत १९८९ पासूनची. गोव्याच्या गाड्यांवर तेव्हा जीडीने सुरू होणारी अक्षरं असत.

नंबर नोंदणीची वेळ सांगतो. फोटोची वेळ त्यातून कळत नाही, गाडी घडल्याचं वर्षही खात्रीने कळत नाही. दुसऱ्या राज्यातून आणलेल्या जुन्या गाडीला नवा नंबर मिळालेला असू शकतो. पाट्या हाताने रंगवलेल्या असत, काही देवनागरीत. इंग्रजी आकड्यांत ३ आणि ८, १ आणि ७, देवनागरीत ५ आणि ६ यांत गल्लत होते. खात्री नसलेल्या आकड्याच्या जागी फुली मारा, अंदाज भरू नका.

## टप्पा ८: गाडी घरचीच होती का?

हा प्रश्न विचारायला लोकांना संकोच वाटतो, पण विचारायलाच हवा. मडगार्डवर हात ठेवून उभं राहण्यासाठी गाडी आपली असावी लागत नव्हती. शेजाऱ्याची, साहेबांची, लग्नापुरती आणलेली, कुठलीही चालायची. गाडीचं अंग गडद आणि टप फिकट दिसत असेल तर पुढच्या डाव्या बाजूला, मडगार्डजवळ, बाहेर बसवलेला मीटर आहे का ते पाहा. असेल तर ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी.

रंगाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. कृष्णधवल फोटोत काळा, गडद हिरवा आणि गडद निळा एकसारखे दिसतात. जुन्या काही फिल्मवर लालही जवळजवळ काळा येतो. "काळी गाडी" असं लिहू नका, "गडद रंगाची" लिहा.

## टप्पा ९: वडीलधाऱ्यांना विचारणं

हे काम शेवटी करा, आणि तुमचा निष्कर्ष त्यांना आधी सांगू नका. "आत्या, ही फियाट होती ना?" असं विचारलंत तर आत्या हो म्हणणारच. मॉडेलचं नाव लक्षात राहत नाही, पण गाडीत बसल्याची आठवण अंगात मुरलेली असते. म्हणून असे प्रश्न विचारा:

- "चालत्या गाडीत पुढचं दार किंचित उघडलं, तर वारा ते आणखी उघडायचा की बंद करायचा?" यावरून बिजागरीची बाजू कळते.
- "गिअर स्टिअरिंगखाली होता की पायाशी?" अँबॅसिडर आणि फियाटचा स्टिअरिंगखाली, हेरल्ड, मायनर, जीप आणि बीटलचा पायाशी.
- "इंजिन बघायला काय उघडायचे?" हेरल्डचा पुढचा सगळा भाग मडगार्डसकट पुढे कलंडतो. बीटलचं इंजिन मागे. ज्याने एकदा पाहिलंय तो हे विसरत नाही.
- "वळताना खांबातून दिव्याचा हात बाहेर यायचा का?" जुन्या मायनरला तो होता.

"गाडी पासष्ट साली घेतली" हे वाक्य ऐकलंत तर विचारा, गाडीसाठी नाव नोंदवून नंबर लावला पासष्ट साली की गाडी दारात आली पासष्ट साली? त्या काळी दोन्हींमध्ये वर्षांचं अंतर पडे. मग कपाट उघडायला सांगा. आरसी बुक, विम्याची पावती, गॅरेजचं बिल यांतलं एक जरी निघालं, तरी वरच्या सगळ्या तर्कांपेक्षा ते वजनदार.

## एक फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, लग्नाचा फोटो आहे. गाडीचं नाक झेंडूच्या माळांनी पूर्ण झाकलंय, जाळी नाही, बॅज नाही, नंबर अर्धा. घरात म्हणतात, "अँबॅसिडर होती." नवरदेव पाठमोरा होऊन पुढच्या दारातून उतरतो आहे आणि दार त्याच्या मागे, गाडीच्या मधल्या खांबाकडे उघडलंय. अँबॅसिडर तिथेच बाद. पुढची काच एकसंध आहे, म्हणजे बहुधा १९४० च्या दशकातली गाडी नाही. मागचा पत्रा गोल उतरतो आहे आणि पंख नाहीत, म्हणजे डिलाइट नाही. मागच्या दाराची मूठ मागच्या टोकाला. उरते जुनी फियाट ११००. फोटोमागच्या शिक्क्यावर पिनकोड नाही, त्यावरून काही ठरत नाही. पण कडेवर असलेली पुतणी १९६१ ची. म्हणजे फोटो १९६१ ते ६३ चा, आणि गाडी तेव्हाच काही वर्षं वापरलेली.

झेंडूच्या माळांमुळे इथे एक फायदाच झाला. जाळीकडे पाहण्याचा मोहच झाला नाही.

## टप्पा १०: नोंद कशी लिहावी

फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिलीने फक्त एक क्रमांक लिहा आणि पूर्ण नोंद वेगळ्या कागदावर व स्कॅनच्या फाइलमध्ये ठेवा. नोंदीत चार गोष्टी हव्यात: काय ठरलं, कशावरून ठरलं, किती खात्री, आणि कोणते पर्याय शिल्लक आहेत. वरच्या फोटोची नोंद अशी होईल:

"क्र. १४. फियाट ११००, १९५० च्या दशकातली, गडद रंग. आधार: पुढचं दार मागे टांगलेलं, एकसंध काच, मागे पंख नाहीत. कुळाची खात्री पक्की. नेमकं मॉडेल अनिश्चित, जाळी झाकलेली. फोटो १९६१-६३, आधार पुतणीचं वय. गाडी घरची की लग्नापुरती, माहीत नाही. नंबर: बीएम×, पुढचे आकडे झाकलेले."

फोटो इतरांना दाखवायचा असेल तर आज हयात असलेल्यांची नावं आणि घराचा पत्ता नोंदीतून काढून प्रत द्या. नवी माहिती आली, तर जुनी ओळ खोडू नका. तिच्याखाली तारीख घालून, कोणी सांगितलं ते नोंदवून नवी ओळ लिहा.